तारीख टाकलेला ठराव आणि न झालेली सभा

एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. नाव-गाव वगळून त्याचा सारांश असा:

सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातली सत्तर-ऐंशी उंबऱ्यांची वस्ती. तिथं जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा, पट १७, शिक्षक दोन. ताईंची मुलगी चौथीत, धाकटा मुलगा अंगणवाडीत. दीड वर्षापूर्वी पालकसभेत 'समितीत निम्म्या बायका लागतात' म्हणून ताईंचं नाव घातलं गेलं आणि बारावी झालेल्या म्हणून शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपदही त्यांनाच दिलं. मागच्या आठवड्यात मुख्याध्यापक घरी आले आणि टाइप केलेला ठराव पुढ्यात ठेवला: पटसंख्या कमी असल्याने ही शाळा तीन किलोमीटरवरच्या गावातल्या शाळेत समायोजित (म्हणजे विलीन) करण्यास समितीची हरकत नाही. 'वरून मागितलंय, महिनाअखेरपर्यंत सही द्या.' वस्तीत दोन तट पडले आहेत. काहींना वाटतं, मोठ्या शाळेत मुलांचं भलं होईल. म्हातारी माणसं म्हणतात, गोठ्यात भरायची तेव्हापासूनची आमची शाळा, हयातीत जाऊ देणार नाही. त्यातच ताईंच्या मिस्टरांनी धाकट्याच्या पहिलीच्या प्रवेशासाठी तालुक्याच्या इंग्रजी शाळेत पाच हजार रुपये भरले आहेत. 'सही केली तर हिनं शाळा बुडवली म्हणतील. नाही केली आणि माझंच पोरगं व्हॅनमध्ये बसलं, तर कुठल्या तोंडानं बोलू? राजीनामा देऊन मोकळी होऊ का?'

ताई,

तुमच्या पत्रातली एक ओळ मी तीनदा वाचली. तिसऱ्या पानावर तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'ठरावावर १२ तारीख टाकलेली होती, सूचक-अनुमोदकाची नावंही घातलेली होती, पण १२ तारखेला मीटिंग झालीच नव्हती.' तुम्हाला ती किरकोळ बाब वाटली असावी, कारण पुढच्याच ओळीत तुम्ही शाळेच्या भवितव्याकडे वळलात. मला मात्र वाटतं, तुमच्या सगळ्या त्रासाची गाठ त्या ओळीत आहे.

म्हणून आधी तेवढंच सांगते. त्या कागदावर सही करू नका. समायोजन वाईटच असतं म्हणून नव्हे; कधी कधी ते मुलांच्या भल्याचं असतं, त्याबद्दल पुढे लिहितेच. सही करू नका, कारण जी सभा झाली नाही तिचा ठराव झालेला नसतो. हे सांगताना आवाज चढवायची गरज नाही. 'सर, ठराव सभेतच घेऊ. तारीख ठरवा, मी घरोघर निरोप देते,' एवढं पुरे.

तुमचे सर वाईट आहेत असं पत्रावरून मला वाटलं नाही. मी अकरा वर्षं केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारी अधिकारी होते. 'उद्या दुपारपर्यंत माहिती पाठवा' असे निरोप मी स्वतः खाली ढकललेले आहेत. वरून तक्ता येतो, त्यातला रकाना रिकामा दिसला की विचारणा होते. सर तो रकाना भरायला तुमच्या दारी आले. त्यांच्यावरचा ताण खरा आहे. तो हलका करायला तुम्ही न बोललेलं वाक्य तुमच्या नावावर जावं, हे मात्र बरोबर नाही.

आता तुमच्या मनात पक्क्या बसलेल्या एका समजुतीकडे वळते. 'मी नावालाच अध्यक्ष आहे,' असं तुम्ही दोन वेळा लिहिलंय. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम २१ सांगतं की समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. आपल्याकडे मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव असतात आणि अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो. म्हणजे सर तुमच्या समितीचे सचिव आहेत. शाळेच्या कामावर देखरेख, आलेल्या अनुदानाचा खर्च पाहणं आणि शाळा विकास आराखडा तयार करणं, ही समितीची कामं कायद्यानंच नेमून दिलेली आहेत. तुमच्या सासूबाई शाळेला अजून 'बोर्डाची शाळा' म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. जिल्हा परिषदा १९६२ साली आल्या, त्याआधी शाळा लोकल बोर्डाच्या असत, तेव्हापासूनचा तो शब्द. त्या बोर्डात जिल्ह्याच्या ठिकाणची वजनदार मंडळी बसत. चौथीतल्या पोरीची आई शाळेच्या खर्चाचा कागद मागेल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. तुम्हाला नावापुरतं बसवलं असेल, पण बसवलंय ती जागा खरी आहे.

हेही सांगायला हवं की समितीनं नकार दिला म्हणून शाळा कायमची वाचते असं नाही. पट, पदं, समायोजन यांचे निर्णय वर होतात. मग ठरावाला किंमत काय? किंमत अशी की 'हरकत नाही' हे दोन शब्द एकदा कागदावर गेले की पुढे गाडी आली नाही, ओढ्याला पाणी आलं, मुलं घरी राहिली, तरी 'तुमचीच संमती होती' हे उत्तर ठरलेलं. आणि कागदावर तुमच्या अटी गेल्या असतील, तर त्याच कागदावर बोट ठेवून तुम्हाला विचारता येतं.

तुमची वस्ती या पेचात एकटी नाही. २०२३ साली शिक्षण विभागानं राज्यातल्या २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा मोजल्या. त्या सुमारे १४ हजार ८०० भरल्या आणि त्यांत साधारण १ लाख ८५ हजार मुलं शिकत होती. अशा शाळा एकत्र करून 'समूह शाळा' कराव्यात असा विचार तेव्हा पुढे आला. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ यांचे दाखले दिले गेले. पुढे १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं शिक्षकांची पदं मंजूर करण्याचे पटाचे निकष आणखी कडक केले. त्यामुळे तुमच्या सरांच्या हातातला कागद एकाएकी आकाशातून पडलेला नाही. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की, भांडण सरांशी नाही आणि वस्तीतल्या दुसऱ्या तटाशी तर मुळीच नाही.

दोन्ही तटांचं म्हणणं मी नीट वाचलं. एकाला मोठी शाळा म्हणजे चांगली शाळा वाटते. दुसऱ्याला आपली शाळा टिकली की मुलांचं झालं असं वाटतं. ताई, या दोन्हींत सतरा मुलांपैकी एकाचंही नाव येत नाही. तुमच्या चार पानांत इमारत आहे, गावाची इज्जत आहे, संगणक आहेत, व्हॅन आहे. पण सतरांतली किती मुलं वाचू शकतात, ते नाही. हा दोष तुमचा नाही, आपण सगळेच शाळेबद्दल असंच बोलतो. पण सभेआधी ते माहीत करून घ्यायला हवं, आणि ते आयांना स्वतः करता येतं.

दुसरीच्या बालभारतीचं कुठलंही एक पान घ्या. तिसरी-चौथीच्या प्रत्येक मुलाला ते मोठ्यानं वाचायला सांगा आणि मग विचारा, यात काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग. पुढे पाटीवर ६२ वजा २७ घाला आणि हातचा घेता येतो का बघा. पहिली-दुसरीच्यांना चार सोपे शब्द आणि वीसपर्यंतची बेरीज. सतरा मुलांना एक सकाळ पुरते. दोन गोष्टी मात्र पाळा. सरांना आदल्या दिवशी सांगून आणि त्यांच्या समोर करा, चोरून नको. आणि मुलांची नावं लिहून गावभर बोलू नका; सभेत फक्त आकडा सांगा, इतक्यांपैकी इतक्यांना येतं. धाकट्याच्या निमित्तानं तुम्ही पहिलीत येणाऱ्या मुलांच्या तयारीच्या 'पहिलं पाऊल' मेळाव्याला गेला असाल, माता गटाला घरी करून घ्यायच्या कृतींची आयडिया कार्डंही मिळाली असतील. त्याच बायकांना सोबत घ्या. त्यांना मुलांशी असं बसायची सवय आहे.

समजा, बहुतेक मुलांना येतंय. मग 'पट कमी म्हणजे शिक्षण कमी' हे म्हणणं तुमच्या वस्तीपुरतं तरी खोटं ठरलं आणि ते तुम्ही सभेत ठामपणे मांडू शकता. समजा, येत नाहीये. मग शाळा टिकवायच्या घोषणेआधी का येत नाही ते विचारावं लागेल. दोन शिक्षकांनी चार वर्ग एकत्र शिकवणं मुळात अवघड काम आहे. त्यातले एक बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा ऑनलाइन माहिती भरायला बसले की दुसऱ्याच्या गळ्यात चारही वर्ग पडतात. मागच्या तीन महिन्यांत किती दिवस दोघंही शाळेत होते, हे हजेरीवरून काढा. त्यात सरांना धरायचं काही नाही, उलट ते स्वतःच तुम्हाला तो आकडा काढून देतील. आजवर कुणी विचारलाच नसेल.

दुसरी गोष्ट रस्त्याची. तुम्ही लिहिलंय, 'तीन किलोमीटर म्हणजे फार नाही, आम्ही तर पाच चालत होतो.' तुम्ही पाच किलोमीटर चालायचा तेव्हा आठवी-नववीत होता, हे तुमच्याच पत्रात पहिल्या पानावर आहे. आता प्रश्न सहा वर्षांच्या मुलाचा आहे. आपल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असं ठरलंय, ते याचसाठी. एका सकाळी पहिलीतल्या सगळ्यात बारक्या मुलाचं बोट धरून, त्याच्या पाठीवर दप्तर असताना, तो रस्ता चालून बघा. किती वेळ लागला, कुठं डांबरी संपते, ओढा कुठं आडवा येतो, कुत्री कुठं असतात, उसाच्या फडाशेजारून किती वाट जाते, लिहून ठेवा.

रस्त्याबद्दल मी इतकं बोलते त्याला कारण आहे. माझ्या केंद्रात एका डोंगरावरच्या वस्तीची अकरा मुलांची शाळा खालच्या गावात समायोजित झाली. अहवाल मी लिहिला: 'सर्व विद्यार्थ्यांची सोय झाली आहे.' दाखले गेले, अकरा नावं नव्या हजेरीपटावर चढली. श्रावणानंतर मी त्या शाळेला भेट द्यायला गेले आणि एकेक नाव घेत गेले. दोन बहिणींची ओ आली नाही. शाळेत विचारलं तर 'येतात अधूनमधून' म्हणाले. संध्याकाळी वर चढून त्यांच्या घरी गेले. धाकटी चालून दमायची म्हणून आई तिला घरी ठेवून घ्यायची, आणि ती घरी म्हणून तिला सांभाळायला थोरलीही घरी. मी पोचले तेव्हा थोरली परसात शेणी थापत होती. मला बघून तिनं दोन्ही हात पाठीमागे लपवले. नऊ मुलांची सोय झाली होती हे खरं, पण माझ्या अहवालात अकरा लिहिलं होतं आणि खाली सही माझी होती. त्या मुलीला परत शाळेत बसवायला आम्हाला दिवाळीनंतरचा महिना उजाडला.

दुसऱ्या एका वस्तीत याच्या उलट झालं. तिथं मुलं फक्त सहा. पालकांनी आधी गाडी ठरवून घेतली, कोण सोडणार-आणणार ते ठरवलं आणि मगच दाखले हलू दिले. तिथली एक मुलगी दोन वर्षं तिसरी-चौथीत एकटीच होती. नव्या शाळेत गेल्यावर पहिल्या आठवड्यात तिला लंगडी खेळायला भिडू मिळाले. तिच्या आईनं मला हे सांगताना अभ्यासाचं काही सांगितलंच नाही, लंगडीचंच सांगितलं. लहान मुलाला बरोबरीची मुलं लागतात, हेही शिक्षणच आहे. तुमच्या वस्तीतला समायोजन हवं म्हणणारा तट कदाचित हेच वेगळ्या शब्दांत सांगतोय. त्यांना शाळेचे वैरी समजू नका.

मग सभेत काय ठरवायचं? ते मी इथं बसून सांगू शकत नाही आणि सांगूही नये. पण ठराव कसा लिहावा ते सांगते. नुसतं 'हरकत आहे' किंवा 'हरकत नाही' लिहू नका. समजा चर्चेनंतर समायोजनाकडे कल झाला, तर साधारण असं लिहा: 'हजर पालकांशी चर्चा होऊन असे ठरले की, पहिली-दुसरीच्या मुलांना तीन किलोमीटर चालत जाणे शक्य नाही. ने-आण करणाऱ्या वाहनाची लेखी हमी, दोन्ही ठिकाणच्या पालकांची एकत्र सभा आणि सहा महिन्यांनी प्रत्येक मुलाच्या हजेरीचा आढावा, या तीन गोष्टी झाल्याशिवाय समिती समायोजनास संमती देत नाही.' खिचडी शिजवणाऱ्या वहिनींच्या कामाचं काय, आणि नव्या शाळेच्या समितीत तुमच्या वस्तीचा पालक असेल का, तेही त्यात घाला. आणि कल शाळा ठेवण्याकडे झाला, तर कारणांत भावना कमी आणि तुमचे आकडे जास्त येऊ द्या: रस्त्याची मिनिटं, वाचणारी मुलं, अंगणवाडीतून येत्या दोन वर्षांत पहिलीत येणारी मुलं.

हा अंगणवाडीचा आकडा फार महत्त्वाचा आहे. बाईंकडून यादी घ्या. शिवाय वस्तीतली किती मुलं रोज व्हॅननं बाहेर जातात तेही मोजा. तुम्ही 'दहा-बारा असतील' लिहिलंय. नक्की मोजा आणि त्या घरी जा. 'शाळा का सोडली' असा जाब विचारायला नव्हे, ऐकायला जा. माझा अनुभव असा की दहा घरी दहा कारणं सांगत नाहीत, दोन-तीनच सांगतात. एक वर्ष शिक्षकाची जागा रिकामी होती. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नव्हतं. शेजारच्यांचं पोर गेलं म्हणून आमचंही घातलं. यातली पहिली दोन समितीच्या हातात येण्यासारखी आहेत. आणखी एक कोरडी पण कामाची गोष्ट: शिक्षकांच्या संचमान्यतेला, म्हणजे किती पदं मंजूर ते ठरवायला, ३० सप्टेंबरचा पट धरला जातो आणि त्यात आधार जुळलेली मुलंच मोजली जातात. एखाद्या मुलाच्या आधारवर नाव चुकलं असेल, जन्मतारीख जुळत नसेल, तर ते मूल रोज वर्गात बसूनही मोजणीत येत नाही. सतरांपैकी किती जुळलेत, हे सरांना आजच विचारा.

तुम्ही जालिंदरनगरचा उल्लेख केलाय, 'तिथं जमलं तर इथं का नाही' म्हणून. पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातल्या त्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये जागतिक शाळा पुरस्कारांत लोकांच्या मतांवरचा मान मिळाला, त्याचा मलाही अभिमान वाटतो. पण तुमच्या दोन शिक्षकांपुढे तो दाखला टाकू नका. त्यांना ते टोमण्यासारखं लागेल. तिथून घेण्यासारखं आहे ते गावानं शाळेला दिलेला वेळ. तो तुमच्या वस्तीकडेही आहे.

आता तुमच्या धाकट्याबद्दल. हा भाग तुम्ही पत्राच्या शेवटी, बारीक अक्षरात लिहिलाय. मला वाटतं, झोप तुमची यानंच उडवली आहे.

अध्यक्ष आहात म्हणून मुलाला याच शाळेत घातलं पाहिजे, असं मी म्हणणार नाही. समितीच्या पदासाठी मूल पणाला लावायचं नसतं, आणि शाळा चांगली नाही असं तुमच्या मनानं घेतलं असेल तर नाइलाजानं घातलेल्या मुलाचं भलंही होत नाही. पण एक व्यवहाराची बाजू लक्षात घ्या. तुम्ही समितीत आहात त्या शाळेतल्या मुलीच्या आई म्हणून. मुलगी जूनमध्ये पाचवीला दुसरीकडे जाईल. धाकटा इथं आला नाही, तर तुमचं पालक सदस्यत्वच उरत नाही. म्हणजे राजीनाम्याचा विचार तुम्ही आता करताय, तो काही महिन्यांत आपोआप होणारच आहे. आणि आत्ता राजीनामा दिलात, तर तो कागद दुसऱ्या कुणापुढे जाईल आणि तुम्हीच लिहिलंय की उपाध्यक्ष 'वाचत नाहीत, कुठं करू विचारतात'. तेव्हा उन्हाळ्यापर्यंत थांबा. एवढं एक काम तुमच्या हातून व्हायचं आहे.

कुठल्या तोंडानं बोलू, असं विचारताय. खरं असेल ते सांगा. सभेत सुरुवातीलाच सांगा, 'आमच्या घरातही धाकट्याला बाहेर घालायचा विचार चाललाय, पैसे भरलेत, अजून ठरलं नाही.' ते मागून कुणी उकरून काढण्यापेक्षा तुमच्या तोंडून आलेलं बरं. आणि तुमच्यासारखंच दहा घरांनी केलंय, त्यांनाही त्या निमित्तानं तोंड उघडता येईल.

मिस्टरांबद्दल तुम्ही थोड्या रागानं लिहिलंय, न विचारता पैसे भरले म्हणून. राग समजतो. पण त्याच पानावर तुम्ही हेही लिहिलंय की एमआयडीसीत सुपरवायझरच्या जागेसाठी गेले असताना त्यांना इंग्रजीत दोन वाक्यं बोलायला सांगितली आणि ते गप्प बसून परत आले. ते पाच हजार त्या दिवसाचे आहेत, ताई. त्यांच्याशी बोलाल तेव्हा 'मराठी शाळा चांगली की इंग्रजी' या वादात शिरू नका, तो वाद घराघरांत वर्षानुवर्षं चाललाय. त्यांना विचारा, आपल्या मुलाला इंग्रजी यावं यासाठी काय काय लागेल?

मग दोघं मिळून त्या शाळेत जा, नुसत्या ऑफिसात नको, पहिलीच्या वर्गात बसू द्या म्हणून सांगा. एका वर्गात किती मुलं आहेत? शिकवणाऱ्या बाई मुलांशी इंग्रजीत बोलतात की धडा वाचून मराठीत अर्थ सांगतात? शाळेला मान्यता कुठल्या वर्गापर्यंत आहे, यूडायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक) कोणता, हे विचारायला संकोचू नका. व्हॅन वस्तीवरून किती वाजता निघते आणि त्यात किती मुलं कोंबतात? आणि सगळ्यात अवघड प्रश्न घरातला: वरच्या वर्गात गेल्यावर इंग्रजीतलं विज्ञान घरी कोण समजावणार? उत्तर 'शिकवणी लावू' असेल, तर तोही खर्च आजच मांडा. दुसऱ्या बाजूला, जिल्हा परिषदेच्या शाळेतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. तो तुमच्या शाळेत खरोखर शिकवला जातो का, की तासिकेपुरता उरलाय, हे विचारायचा हक्क अध्यक्ष म्हणून तुम्हाला आहेच. मला स्वतःला विचाराल, तर सहा वर्षांचं मूल ज्या भाषेत भांडतं, रुसतं, गोष्ट सांगतं, त्या भाषेत वाचायला आधी शिकावं असं माझं ठाम मत आहे. मी तीस वर्षं पहिलीच्या मुलांमध्ये काढली, त्यातून ते झालंय. पण तुमच्या शाळेत वाचायलाच शिकवलं जात नसेल, तर माझं मत तुमच्या मुलाच्या काय कामाचं? म्हणून मुलांना वाचायला लावण्याचं जे वर सांगितलं, ते तुमच्या घरच्या प्रश्नालाही तितकंच लागू आहे.

पाच हजार गेले तर गेले. ते भरले म्हणून पुढची दहा वर्षं ठरवू नका. परत मागून बघा, नियम काय आहे ते लेखी घ्या.

थोडं इतर वाचकांसाठी. समितीतल्या बायकांची पत्रं मला बरीच येतात, आणि त्यातली बहुतेक सहीबद्दल असतात. कोऱ्या पानावर सही, कोऱ्या चेकवर सही, न वाचता सही. शाळेला पटानुसार वार्षिक संयुक्त अनुदान येतं; ३० पर्यंतच्या पटाला १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार. रक्कम मोठी नाही, पण ती कशावर खर्च झाली हे विचारणं तुमचं काम आहे. पावत्या बघायला मागणं म्हणजे सरांना चोर ठरवणं नव्हे. नीट काम करणारा मुख्याध्यापक उलट खूश होतो, कारण उद्या त्याच्यावर कुणी बोट ठेवलं तर त्याच्या बाजूनं बोलायला समिती उभी असते. प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात लिहिलेलं सभा संपण्याआधी मोठ्यानं वाचून घ्या, मग सह्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तर हे केलंच पाहिजे. लेखी तक्रार करायची वेळ आलीच, तर कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे ती स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते आणि तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो. अर्जाची पोच मात्र घ्याच. सभेची वेळ बायकांना जमेल अशी ठेवा. सकाळी अकराची सभा म्हणजे खुरपणीला गेलेल्या सगळ्या आया बाहेर.

तुमच्या वस्तीवर संध्याकाळी डेअरीला दूध घालून झालं की बायका मोकळ्या होतात, असं तुम्ही लिहिलंय. ती वेळ धरा. नोटीस तुमच्या चौथीतल्या मुलीकडून लिहून घ्या, तिच्या अक्षरात, विषयासकट: शाळेच्या समायोजनाबाबत चर्चा. एक शाळेच्या दारावर, एक डेअरीच्या भिंतीवर, एक अंगणवाडीत. सह्या तुमच्या आणि सरांच्या. सात दिवस आधी लावा. सभेला केंद्रप्रमुखांना बोलवा, नाही आले तरी बोलावल्याचं लिहून ठेवा. सरांनी आणलेला तो टाइप केलेला कागद फाडू नका, तसाच जपून ठेवा. आणि नव्या ठरावावर तारीख घालायची ती सभा उठल्यावर, तुमच्या हातानं.

तुमची,
एकेकाळची केंद्रप्रमुख